पाणी न धरणारे अंग : स्वारगेट परिसर आणि जलविरोधी आच्छादनांचा इतिहास

पुण्याच्या जुन्या पेठा जिथे संपतात आणि साताऱ्याचा रस्ता जिथे सुरू होतो, त्या सांध्यावर स्वारगेट आहे. पश्चिमेला सारसबाग आणि पर्वती, आग्नेयेला गुलटेकडीचा मार्केट यार्ड, जवळून वाहणारा खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा आणि चौकालगत एसटीचे स्थानक, असा हा परिसर शेतमाल, प्रवासी आणि पावसाळा या तिघांच्याही वाटेवर पडतो. खुद्द पुणे शहरात वर्षाकाठी सरासरी 700 ते 750 मिलिमीटर एवढाच पाऊस होतो. पण भोर, वेल्हे, मुळशी आणि मावळ या तालुक्यांच्या घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट पाऊस कोसळतो, आणि तिथली माणसे, तांदळाची पोती, भाजीच्या पाट्या व दुधाचे कॅन याच बाजूने शहरात उतरत आले आहेत. पावसापासून अंग आणि माल राखण्याची साधने गेल्या शंभर-दीडशे वर्षांत कशी बदलत गेली, हे पाहायला पुण्यात याहून सोयीची जागा शोधावी लागणार नाही.

या साधनांचा विचार करताना दोन गुणधर्म वेगळे ठेवावे लागतात. ज्यातून पाणी आरपार जात नाही ते जलरोधक. ज्याला पाणी चिकटतच नाही, थेंब गोळा होऊन घरंगळून जातो, ते जलविरोधी. पत्र्याचे छप्पर जलरोधक असते, परंतु पाऊस थांबल्यावरही ते तासभर ओलेच राहते. अळूचे पान जलविरोधी असते आणि सर थांबताक्षणी कोरडे दिसते. प्लॅस्टिकच्या युगाने पहिला गुण अतिशय स्वस्त केला आणि दुसरा जवळजवळ विसरायला लावला. निसर्गातील पृष्ठभागांवरून धडा घेऊन टिकाऊ जलविरोधी प्लॅस्टिक घडवण्याचे जे प्रयत्न गेल्या तीन दशकांत जगभर चालू आहेत, ते या विसरलेल्या गुणाकडे परतण्याचे प्रयत्न आहेत.

प्लॅस्टिकपूर्व काळात पुणे जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील शेतकऱ्याचे मुख्य आच्छादन म्हणजे इरले. बांबूच्या कांबट्यांची दोन जाळीदार विणी करून त्यांच्यामध्ये पळसाची, सागाची किंवा कुंभ्याची पाने एकावर एक चढवून दाबली जात, आणि त्या चौकटीला डोक्यापासून कमरेखालपर्यंत पोचेल असा खोलगट आकार दिला जाई. भातलावणी करणाऱ्याला दिवसभर वाकून राहावे लागते. त्या वाकलेल्या पाठीवर इरले आपोआप बसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात, जे छत्रीला कधीच साधलेले नाही. पानांची मांडणी कौलांसारखी वरून खाली असल्याने पाणी कुठेही अडत नसे, आणि पाठ व इरले यांच्यामध्ये हवा खेळत असल्याने कष्टाने आलेला घाम आत कोंडला जात नसे. त्याचे आयुष्य मात्र बेताचे होते. पाने एक-दोन पावसाळ्यांत कुजत आणि चौकट तीच ठेवून भरणी पुन्हा करावी लागे, म्हणजे टिकाऊपणा हा इरल्याच्या वस्तूत नव्हता, तो त्याच्या दुरुस्तीत होता. ही गोष्ट पुढे प्रयोगशाळेतही महत्त्वाची ठरणार होती.

देशावरच्या कोरड्या बाजूला, शिरवळ-सातारा-फलटणकडून येणाऱ्या माणसाच्या खांद्यावर इरल्याऐवजी घोंगडी असे. दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीचे हाताने कातलेले सूत, खड्ड्यातल्या मागावर सनगर किंवा खुटेकर धनगर विणकरांनी काढलेली वीण आणि शेवटी दिलेली चिंचोक्याची खळ, अशी तिची घडण असते. लोकर ही मुळातच मेणचट असते. मेंढीच्या कातडीतून स्रवणाऱ्या मेणाला रसायनशास्त्रात लॅनोलिन म्हणतात, आणि गिरणीतल्या धुलाईत निघून जाणारा त्याचा बराचसा भाग हातकामाच्या लोकरीत टिकून राहतो. शिवाय लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि तंतूंच्या कुरळेपणामुळे त्यांच्यामध्ये हवेचे असंख्य कप्पे तयार होतात. भुरभुर पावसात घोंगडीवर पडलेला थेंब या तंतूंच्या टोकांवर तोलला जातो, आत उतरत नाही, आणि अंगावरची घोंगडी एकदा झटकली की बरेचसे पाणी उडून जाते. मुसळधार पावसात ती भिजते आणि भारी जड होते, हेही खरे. तिच्या गुणगानात हा दोष सहसा गाळला जातो. ज्यांच्याकडे इरले नव्हते आणि घोंगडीही नव्हती, त्या हमालांनी गोणपाटाचे एक टोक दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ डोक्यावर घेतली, आणि ती कुठल्याच अर्थाने जलरोधक नव्हती.

शहरी आणि सरकारी वापरातले आच्छादन वेगळ्या वाटेने आले. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालण्याच्या कृतीचे पेटंट घेतले आणि जलरोधक कोटाचा कारखानी उद्योग सुरू झाला. उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होणारे हे रबर गंधक मिसळून तापवण्याच्या प्रक्रियेने पुढे सुधारले. मेण किंवा तेल पाजलेले मेणकापड आणि जाड सुती कॅनव्हासची ताडपत्री हे त्याच वंशातले स्वस्त भाईबंद. 1948 मध्ये राज्य परिवहनाची गाडी सुरू झाली तेव्हा प्रवाशांचे सामान गाडीच्या टपावर चढत असे, आणि पावसाळ्यात त्यावर दोराने आवळलेली ताडपत्री पुढची कित्येक वर्षे एसटीच्या रूपाचाच भाग होऊन राहिली. कॅनव्हासची ताडपत्री नवी असताना पाणी उत्तम अडवी, कारण ओला झालेला सुती धागा फुगून विणीतली छिद्रे बुजवतो. पण भिजलेली घडी तशीच गुंडाळून ठेवली की तिला बुरशी धरे आणि वजन उचलायला दोन माणसे लागत.

प्लॅस्टिकने हे सारे दोन दशकांत मागे टाकले. पॉलिथिन हा पदार्थ 1933 मध्ये इंग्लंडमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत, अतिउच्च दाबाखालील एका फसलेल्या प्रयोगाच्या तळाशी मेणासारख्या पांढऱ्या गाळाच्या रूपात सापडला होता. 1960 च्या दशकात मुंबईजवळ तुर्भे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात खनिज तेलाच्या नाफ्था या अंशापासून रसायने बनवणारे कारखाने उभे राहिले, आणि पॉलिथिनची फिल्म हळूहळू बाजारात मिळू लागली. गावोगाव ती प्लॅस्टिकचा कागद या नावाने ओळखली गेली. मावळात इरल्याची बांबूची चौकट तशीच राहिली, पानांच्या जागी हा कागद आला. नंतर चौकटही गेली आणि कागदाचीच खोळ झाली. बुरुडाच्या घरचे पावसाळी काम असे दोन टप्प्यांत बुडाले, आणि त्याची फारशी कुणी नोंद घेतली नाही.

ताडपत्रीतला बदल अधिक तांत्रिक होता. उच्च घनतेच्या पॉलिथिनच्या फिल्मचे अरुंद पट्टे कापून, ते ओढून मजबूत करून, गोल मागावर विणायचे आणि दोन्ही बाजूंना पातळ पॉलिथिनचा लेप द्यायचा, ही त्याची सर्वसाधारण कृती. मुंबईच्या सुप्रीम इंडस्ट्रीजने डॅनिश संशोधक ओले-बेन्ट रासमुसेन यांच्या तंत्राने फिल्मचे ताणलेले थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवून केलेली सिल्पॉलिन ही ताडपत्री आणली, जी विणलेली नसूनही सहजासहजी फाटत नाही. मार्केट यार्डातल्या कांद्याच्या थप्प्या, ट्रकच्या हौद्यावरचा माल, फूटपाथवरची दुकाने आणि गणपतीचे मांडव ही सगळी सृष्टी आज या निळ्या-पिवळ्या आच्छादनाखाली पावसाळा काढते.

एका मोसमात वापरलेली अशी ताडपत्री जवळून पाहिली तर प्लॅस्टिकची मर्यादा ध्यानात येते. दोन दोऱ्यांच्या मध्ये ती पोट सोडते आणि तिथे पाण्याचे डबके साचते, जे दांडक्याने खालून ढकलून सांडावे लागते. उतारावरचे पाणीही पूर्ण ओघळत नाही. चपटे, ओबडधोबड थेंब जागोजागी चिकटून बसतात, त्यांत धूळ विरघळते आणि वाळल्यावर चिखलाचे वर्तुळ उरते. घडीच्या रेषांवर लेप पांढरा पडून तडकतो आणि गळती नेहमी तिथूनच सुरू होते. आतल्या बाजूला मालाचाच दमटपणा थेंबांच्या रूपाने जमतो, त्यामुळे वरून एक थेंबही न गळता खालची पोती ओली निघतात. पाणी अडवणे आणि पाणी न धरणे यांतले अंतर इथे उघडे पडते.

या अंतराचे शास्त्र एका कोनाने मोजले जाते. थेंबाची कड ज्या कोनात पृष्ठभागाला टेकते, त्याला स्पर्शकोन म्हणतात आणि त्याची मूळ मांडणी इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1805 मध्ये केली. स्पर्शकोन 90 अंशांपेक्षा कमी असेल तर पाणी पसरू पाहते, जास्त असेल तर आक्रसते, आणि 150 अंशांच्या पुढे गेला व थेंब किंचित उतारावरही सुटून निघाला तर पृष्ठभागाला अतिजलविरोधी म्हणतात. गुळगुळीत पॉलिथिनचा स्पर्शकोन 100 अंशांच्या आसपास असतो. टेफ्लॉन हा पाण्याचा मोठा वैरी समजला जातो, पण तोही गुळगुळीत असताना सुमारे 110 ते 115 अंशांवर थांबतो. रसायन कितीही बदलले तरी गुळगुळीत पृष्ठभागावर 120 अंशांची हद्द जवळजवळ ओलांडता येत नाही. त्यापुढे जायचे तर पृष्ठभाग खडबडीत करावा लागतो.

या खडबडीतपणाच्या सिद्धान्ताचा निर्णायक भाग लोकरीच्या अभ्यासातून आला, आणि घोंगडीच्या संदर्भात हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. 1936 मध्ये वेन्झेल यांनी दाखवले की खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत पाणी उतरत असेल तर मुळातला स्वभाव, मग तो ओला होण्याचा असो वा न होण्याचा, अधिक ठळक होतो. 1944 मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील लोकर-उद्योग संशोधन संस्थेतील कॅसी आणि बॅक्स्टर यांनी सच्छिद्र पृष्ठभागांचा विचार केला, आणि खाचांत पाण्याऐवजी हवा अडकून राहिली तर थेंबाचा मुख्य आधार हवा हाच होतो व स्पर्शकोन झपाट्याने वाढतो, हे गणिताने मांडले. बदकाच्या पिसांचे कोडेही त्यांनी त्याच आधारे सोडवले. खिळ्यांच्या शय्येवर पहुडलेल्या फकिरासारखा हा थेंब उंचवट्यांच्या टोकांवर तोललेला असतो, म्हणून फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी त्याला पुढे फकीर हेच विशेषण दिले.

वनस्पतींच्या पानांवर हीच रचना असल्याचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांच्या ध्यानात 1970 च्या दशकात आले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्यापूर्वी पाने धुवावी लागत. पण ज्यांचा पृष्ठभाग सर्वांत खडबडीत, तीच पाने न धुताही स्वच्छ असत, हा अपेक्षेच्या नेमका उलटा अनुभव होता. 1997 मध्ये त्यांनी व ख्रिस्तोफ नाइनहाउस यांनी कमळाच्या पानावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि लोटस इफेक्ट ही संज्ञा रूढ झाली. कमळाच्या पानावर सुमारे 10 मायक्रोमीटर मापाचे सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्या प्रत्येकावर मेणाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे जंगल असते, ज्यांची जाडी मायक्रोमीटरच्या दहाव्या भागाएवढी भरते. थेंबाला टेकायला जागाच उरत नाही. तो घरंगळतो आणि वाटेतली धूळ उचलून नेतो.

स्वारगेटच्या वाचकाला यासाठी जर्मनीला जाण्याचे कारण नाही. पेशवाईतल्या तलावाच्या जागी झालेल्या सारसबागेत, तळ्यातल्या गणपतीच्या देवळाभोवतीच्या पाण्यात कमळे फुललेली दिसतात, आणि कमळपत्रावरील पाण्याचा दृष्टान्त तर भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायापासून परिचयाचा आहे. त्याहून जवळचे उदाहरण मंडईत जुडीने मिळते. अळू हे अतिजलविरोधी पानांच्या शास्त्रीय यादीतले नेहमीचे नाव आहे. अळूचे पान पाण्यात बुडवले की त्यावर चांदीसारखा वर्ख दिसतो, जो पानाला लपेटून राहिलेल्या हवेच्या थराचा असतो, आणि बाहेर काढले की ते कोरडेच निघते. मात्र त्याच पानावर अंगठा दोन-तीनदा दाबून घासला की त्या जागी पाणी चिकटू लागते. वडीसाठी पाने पुसणाऱ्या प्रत्येक घरात हा प्रयोग होत आलेला आहे, आणि टिकाऊ जलविरोधी प्लॅस्टिकची सगळी अडचण त्या अंगठ्याच्या ठशात मावते.

पृष्ठभागाच्या शास्त्राशी पुण्याचा संबंध अळूच्या फदफद्यापुरता नाही. 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाषाण येथे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, आणि तिचे पहिले दोन्ही संचालक पृष्ठभागांचेच अभ्यासक होते, याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन यांनी साबणाचे रेणू पाण्यात गोळा होऊन पुंजके कसे करतात हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले होते. 1952 ते 1957 या काळात संचालक असलेले जॉर्ज इंगल फिंच हे इलेक्ट्रॉन विवर्तनाने, म्हणजे पृष्ठभागावरून विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या आकृतीवरून, पातळ थरांची रचना उलगडणारे शास्त्रज्ञ होते. हेच फिंच 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूच्या नळकांड्यांसह 8,300 मीटरच्या वर पोचले होते, आणि त्या मोहिमेसाठी त्यांनी बलूनच्या दाट कापडात पिसे भरून शिवून घेतलेला कोट आधी सहकाऱ्यांच्या थट्टेचा आणि नंतर हेव्याचा विषय झाला होता. हवामानाविरुद्ध वापरायच्या आच्छादनाचा इतका प्रत्यक्ष अनुभव असलेला संचालक रसायनशाळेला क्वचितच लाभतो. पुढे रघुनाथ माशेलकर आणि एस. शिवराम यांच्या काळात ही प्रयोगशाळा बहुवारिकांच्या, म्हणजे लहान रेणूंच्या साखळ्यांनी बनलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थांच्या, अभ्यासाचे मोठे केंद्र झाली. तिथे विकसित झालेला जलशक्ती हा पदार्थ मात्र पाणी झिडकारणारा नव्हता. स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषून शेतात धरून ठेवणारा होता. अवर्षणाच्या महाराष्ट्राने प्रयोगशाळेला आधी कोणता प्रश्न विचारला, हे त्यावरून समजते.

जलविरोधी प्लॅस्टिक बनवण्याचे मार्ग आता बरेच आहेत. 2003 मध्ये तुर्की संशोधक एर्बिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे पॉलिप्रॉपिलीन विद्रावकात विरघळवून, ठरावीक तापमानाला वाळवून, 160 अंशांचा सच्छिद्र थर मिळवला. महागडे रसायन लागत नाही, हा त्या कामाचा मोठा गुण. दुसरा मार्ग साच्याचा. लेसरने किंवा आम्लाने साच्यावरच सूक्ष्म खाचा कोरायच्या आणि वितळलेले प्लॅस्टिक त्यात दाबायचे, किंवा तापलेल्या कोरीव रुळाखालून फिल्म सरकवायची. मोटारीच्या डॅशबोर्डवर चामड्यासारखा पोत उठवण्याचे काम साचेकार नेहमीच करतात, त्यामुळे हे तंत्र तत्त्वतः नवे नाही. अडचण मापाची आहे. उंचवटे जितके बारीक आणि उंच, तितके ते साच्यातून निघताना ओढले जातात, तुटतात किंवा साच्यातच अडकतात.

आणि ते निघाले तरी टिकत नाहीत. घासल्याने टोके झिजतात; हाताचे तेल खाचांत उतरते; दाटलेल्या वाफेचे थेंब उंचवट्यांच्या मधोमध जन्मतात आणि हवेला हुसकावून लावतात; मोठा पावसाचा थेंब सेकंदाला 9 मीटरपर्यंत वेगाने आदळतो आणि एकदा का पाणी खाचेत शिरले की फकीर थेंब चिकटा थेंब होतो. जिवंत पान झिजलेले मेण काही काळात पुन्हा स्रवते; प्लॅस्टिकला ती सोय नाही. फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप हा काही दशके सोपा उपाय समजला गेला, परंतु ती रसायने निसर्गात विघटित होत नाहीत असे दिसून आल्यावर त्यांतील पीएफओएसवर 2009 मध्ये आणि पीएफओएवर 2019 मध्ये स्टॉकहोम कराराखाली निर्बंध आले. 2020 मध्ये चीन आणि फिनलंडमधील संशोधकांनी वेगळी तोड काढली: नाजूक सूक्ष्मरचना उलट्या पिरॅमिडच्या मजबूत चौकटीत बसवायची, म्हणजे झीज चौकट सोसते आणि आतली रचना पाणी झिडकारत राहते. बांबूच्या चौकटीत पाने धरून ठेवणाऱ्या इरल्याची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही, अर्थात त्या संशोधकांना इरले ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कमळाच्या तत्त्वावरचा भिंतीचा रंग 1999 पासून युरोपात विकला जातो, पण ताडपत्री आणि रेनकोट यांच्या बाबतीत हे शास्त्र अजून प्रयोगशाळेच्या फार पुढे आलेले नाही. त्यामागे एक पद्धतीचा दोष आहे. नव्या पृष्ठभागाची थोरवी बहुतेक वेळा स्पर्शकोनाच्या आकड्याने सांगितली जाते आणि तो कोन नव्या, न हाताळलेल्या नमुन्यावर मोजलेला असतो. घडी, ऊन, धूळ, दोराचा काच आणि ओले हात यांतून गेल्यावर तो किती उरतो, हा आकडा आधी छापला गेला पाहिजे. पुण्यात त्यासाठी प्रयोगशाळा आहे, प्लॅस्टिकचे कारखाने आहेत, घोंगडी विणणारे आणि इरले बांधणारे हात जिल्ह्यात आणि शेजारी अजून शिल्लक आहेत. नवा नमुना एक पूर्ण पावसाळा मार्केट यार्डातल्या कांद्याच्या थप्पीवर बांधून ठेवावा आणि दसऱ्याला सोडून मोजावा. त्यात जो उतरेल त्यालाच टिकाऊ म्हणावे.